एकाच नावाचे अनेक पक्ष : कोमलाच्या फुटींचा अभ्यास कसा करावा

इराणी कुर्दिस्तानातील ‘कोमला’ या डाव्या पक्षावर एखाद्या अभ्यास मंडळात टिपण वाचायचे असो, विद्यापीठात राज्यशास्त्राचा प्रकल्प सादर करायचा असो, किंवा पश्चिम आशियाच्या बातम्यांत वारंवार दिसणारे हे नाव नेमके कोणाचे एवढेच समजून घ्यायचे असो, अभ्यासाला बसल्याबरोबर एक अडचण समोर येते. कोमला हे नाव आज एकाहून अधिक संघटना लावतात. त्यांचे तळ आणि कार्यालये इराणच्या सीमेपलीकडे, इराकी कुर्दिस्तानात किंवा युरोपात आहेत. त्या आपला उगम १९६९ सालाशी जोडतात, १९७९ मध्ये मारले गेलेले संघटक फुआद मुस्तफा सुलतानी यांना आपला हुतात्मा मानतात, आणि तरीही त्यांतली एक स्वतःला कम्युनिस्ट म्हणवते तर दुसरी लोकशाही समाजवादाची भाषा बोलते. अशा पक्षाचा इतिहास सरळ रेषेत लिहायला घेतला की लेखक नकळत कोणत्या तरी एका गटाची कहाणी सांगू लागतो.

पुढे जी पद्धत सांगितली आहे तिचा आधार एवढाच आहे की, विचार बदलल्याची तारीख आणि परिस्थिती बदलल्याची तारीख यांच्या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात आणि प्रत्येक फुटीपाशी थांबून त्यांपैकी कोणती आधीची आहे हे पाहावे. फुटीची दोन स्पष्टीकरणे नेहमी तयार असतात. पक्ष सोडणारे आणि पक्षात राहणारे दोघेही सांगतात की मतभेद तत्त्वाचा होता. बाहेरून पाहणारे सांगतात की सगळे नेतृत्वासाठी चालले होते. कोमलाच्या बाबतीत या दोहोंपैकी एकही स्पष्टीकरण सर्व फुटींना लागू पडत नाही. म्हणूनच राजकीय पक्ष कसे बदलतात हे शिकण्यासाठी मला हा पक्ष इतका मोलाचा वाटतो.

आधी नाव निश्चित करावे

कुर्दी राजकारणात या नावाची परंपरा जुनी आहे. इराणी कुर्दिस्तानातील महाबाद शहरात १९४२ साली स्थापन झालेली ‘कोमला-इ झियानवे-इ कुर्द’ ही गुप्त राष्ट्रवादी संघटना वेगळी. ती १९४५ मध्ये इराणी कुर्दिस्तान लोकशाही पक्षात विलीन झाली. इराकमध्ये जलाल तालाबानी यांच्या कुर्दिस्तान देशभक्त संघाच्या पोटात नौशिरवान मुस्तफा यांच्या नेतृत्वाखाली काम करणारी मार्क्सवादी ‘कोमला-इ रंजदरान’ वेगळी. अली बापीर यांनी २००१ मध्ये इराकी कुर्दिस्तानात स्थापन केलेला इस्लामी पक्षही बातम्यांत ‘कोमल’ या नावाने येतो आणि त्याचा आपल्या विषयाशी काहीही संबंध नाही. शोधयंत्रात केवळ ‘कोमला’ हा शब्द घालून आलेले साहित्य या चाळणीतून काढल्याशिवाय वापरू नये.

त्यानंतर इराणमधील कोमलाचे गट ओळखण्यासाठी खुणा ठरवाव्यात. मराठी वृत्तपत्रांनी रिपब्लिकन पक्षाच्या गटांना नेत्यांच्या नावाने ओळखण्याची रीत पाडली आहे आणि ती येथेही सोयीची आहे : इब्राहिम अलीजादे गट, अब्दुल्ला मोहतदी गट, उमर इलखानीजादे गट. मात्र या रीतीत एक धोका आहे. गटाला नेत्याचे नाव दिले की फूट नेत्यामुळेच झाली असे वाचकाच्या मनात आधीच ठसते. म्हणून प्रत्येक खुणेपुढे फुटीचे वर्ष लिहावे, ‘मोहतदी गट, २०००’ असे. वर्ष डोळ्यांसमोर राहिले की त्या सुमारास आणखी काय घडत होते हा प्रश्न आपोआप पडतो.

तारखांची जुळणी

पक्षाची मूळ कागदपत्रे फारसीत किंवा सोरानी कुर्दीत असून त्यांवरील तारखा इराणी सौर वर्षाच्या आहेत. हे वर्ष नौरोझला, म्हणजे २० किंवा २१ मार्चला सुरू होते. नौरोझपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी इराणी वर्षात ६२१ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढच्या नौरोझपर्यंतच्या तारखेसाठी ६२२. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९ मिळवून इसवी सन काढण्याची सवय असलेल्या वाचकाला यात नवे काही नाही. आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेचे वर्षही २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला, सुरू होते. त्यानुसार १३४८ च्या शरद ऋतूतील स्थापना म्हणजे १९६९, बहमन १३५७ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी १९७९, आणि शहरीवर १३६२ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर १९८३. शहाच्या राजवटीने १९७६ ते १९७८ या काळात शाही कालगणना लादली होती, त्यामुळे त्या वर्षांतील कागदांवर २५३५ ते २५३७ असे आकडे दिसतात. त्यांतून ११८० वजा केले की नेहमीचे इराणी वर्ष मिळते.

तारखेबरोबर ती कोण सांगते हेही लिहावे. १९६९ हे स्थापनावर्ष पक्षाने नंतर सांगितलेले आहे. त्या वर्षी तेहरानमध्ये शिकणाऱ्या काही कुर्दी विद्यार्थ्यांचे गुप्त मंडळ जमले हे खरे, पण कोमला हे नाव लोकांसमोर आले ते शहाची राजवट उलथवणाऱ्या इराणी क्रांतीनंतर, फेब्रुवारी १९७९ मध्ये. या दोन तारखांमधील दहा वर्षांत हे मंडळ कागदोपत्री जवळजवळ अदृश्य होते, आणि त्या काळाविषयी आज जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे नंतरच्या आठवणींवर उभे आहे. टिपणात १९६९ पुढे ‘पक्षाच्या म्हणण्यानुसार’ असे लिहिणे हा केवळ काटेकोरपणा नाही. २००० नंतरच्या गटांना आपण मूळचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी याच अदृश्य दहा वर्षांचा आधार घ्यावा लागला.

नकाशावर फार वेळ घालवण्याची गरज नाही, पण तो समोर हवा. सनंदज, मरीवान आणि सक्केझ या शहरांवर पेन्सिलीने खूण करावी, कारण कोमलाचे बळ प्रामुख्याने या दक्षिणेकडील पट्ट्यात होते. महाबाद आणि त्याचा उत्तरेकडील परिसर हा इराणी कुर्दिस्तान लोकशाही पक्षाचा बालेकिल्ला. मग सीमेपलीकडे सुलेमानिया आणि त्याच्याजवळील झिरग्वेझ येथे खूण करावी. पहिल्या खुणांकडून दुसऱ्या खुणांकडे झालेला पक्षाचा प्रवास पुढच्या सगळ्या विवेचनात लक्षात ठेवावा लागतो.

तक्ता आणि ठरावांचे वाचन

आता एका मोठ्या कागदावर पाच रकाने आखावेत. पहिल्यात वर्ष, दुसऱ्यात परिस्थिती, तिसऱ्यात अधिवेशन वा ठराव, चौथ्यात कुर्दी प्रश्नावरची मागणी आणि पाचव्यात संघटनेत कोण आले व कोण गेले हे लिहावे. संगणकावर हेच काम करता येते, पण पन्नासहून अधिक वर्षे एका नजरेत दिसण्यासाठी भिंतीवर लावता येईल असा कागद अधिक उपयोगी पडतो. तिसरा आणि चौथा रकाना मुद्दाम वेगळा ठेवायचा आहे. पक्षाचा समाजवाद बदलतो तेव्हा त्याची कुर्दी मागणी बदलतेच असे नाही, आणि उलटही खरे आहे. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की या पक्षाची सगळी गुंतागुंत नाहीशी होते.

१९७८ ते १९८३ या पाच-सहा वर्षांना तक्त्यात सर्वांत जास्त जागा द्यावी, आणि वाचनालाही सर्वांत जास्त वेळ. सुरुवातीच्या मंडळावर माओच्या विचारांचा ठसा होता. सोव्हिएत संघ त्यांना मान्य नव्हता आणि त्या काळी इराणमधील इतर तरुण डाव्यांना ओढून घेणारा शहरी गनिमी युद्धाचा मार्गही त्यांनी नाकारला होता. खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांत काम करावे असे त्यांचे मत होते. इराणचा समाज अर्धसामंती आणि अर्धवसाहती आहे, म्हणून क्रांतीचा कणा शेतकरी असेल, हा त्यामागचा सिद्धांत. पण शहाने १९६२ मध्येच जमीनसुधारणा सुरू केल्या होत्या. जमीनदारीचा पाया हलला असेल तर समाजाला अर्धसामंती म्हणायचे का, हा प्रश्न पक्षात साहजिकच उभा राहिला. कूळकायद्यानंतर गावातील सत्ता कशी बदलली, किंवा बदलली नाही, यावर महाराष्ट्रात झालेली चर्चा ज्याने वाचली आहे त्याला या वादातील कळकळ लगेच समजेल.

क्रांतीच्या आधी, १९७८ मध्ये पक्षाचे पहिले अधिवेशन गुप्तपणे भरले. फेब्रुवारी १९७९ मध्ये शहाची राजवट कोसळली आणि हे लहानसे मंडळ अचानक लोकांच्या चळवळीच्या अग्रभागी आले. फुआद मुस्तफा सुलतानी यांनी मरीवान परिसरात शेतकऱ्यांची संघटना बांधली. त्या उन्हाळ्यात नव्या राजवटीच्या सशस्त्र दलांच्या निषेधार्थ मरीवानच्या लोकांनी सामूहिकपणे शहर सोडले. ऑगस्ट १९७९ मध्ये नव्या राजवटीचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी कुर्दिस्तानात लष्करी कारवाईचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सुलतानी मारले गेले. पक्षाने आपला सर्वांत कर्तबगार संघटक उघड कामाच्या पहिल्याच वर्षात गमावला, ही नोंद पाचव्या रकान्यात ठळक करावी. त्यांच्यानंतरच्या प्रत्येक नेत्याला वैचारिक वादात त्यांच्या नावाचा आधार घ्यावासा वाटला.

१९८१ च्या वसंतातील दुसऱ्या अधिवेशनात पक्षाने अर्धसामंती समाजाचा सिद्धांत सोडून दिला, इराण हा भांडवली समाज आहे असे मान्य केले आणि आपल्या आधीच्या धोरणावर स्वतःच टीका केली. या बदलावर इराणी मार्क्सवादी विचारवंत मन्सूर हिकमत आणि त्यांच्या ‘कम्युनिस्ट लढवय्यांचा संघ’ या छोट्या गटाच्या लेखनाचा मोठा प्रभाव होता. येथे परिस्थितीच्या रकान्यात पाहावे. तेहरान आणि इतर शहरांतील डाव्यांवर व विरोधकांवर राजवटीचा घाला पडला तो जून १९८१ मध्ये, म्हणजे अधिवेशनानंतर. त्या घाल्यानंतर शहरांतील अनेक कार्यकर्ते कुर्दिस्तानातील पेशमर्गांच्या, म्हणजे सशस्त्र कुर्दी लढवय्यांच्या, ताब्यातील भागात आश्रयाला आले आणि हिकमत यांचा गट कोमलाच्या प्रत्यक्ष सहवासात आला. १९८२ च्या तिसऱ्या अधिवेशनात संयुक्त कार्यक्रम स्वीकारला गेला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये दोन्ही संघटनांनी मिळून इराणचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. कोमला त्याची कुर्दिस्तान शाखा बनली आणि अब्दुल्ला मोहतदी नव्या पक्षाचे सरचिटणीस झाले.

दोन्ही रकाने समोरासमोर ठेवले की दिसते ते असे : सिद्धांत परिस्थितीच्या आधी बदलला, तर विलीनीकरण परिस्थितीच्या नंतर झाले. नंतरच्या काळात १९८३ चे विलीनीकरण ही चूक होती असे म्हणणाऱ्यांनी ही दोन पावले एकच असल्यासारखी मांडली, जणू शहरी पंडितांनी येऊन एका कुर्दी पक्षाला भुलवले. तारखा त्या मांडणीला आधार देत नाहीत. शेतकऱ्यांत काम केलेल्या कार्यकर्त्यांनी आपल्या अनुभवावरून आणि वाचनातून आपला सिद्धांत बदलला होता, आणि हे श्रेय त्यांना मिळाले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

ठराव वाचताना काही गोष्टींवर नजर ठेवावी. शत्रू म्हणून कोणाचे नाव घेतले आहे आणि मागच्या ठरावातील कोणते नाव गळले आहे. कुर्दांसाठी स्वयंनिर्णयाचा अधिकार मागितला आहे, स्वायत्तता की संघराज्य. शेजारच्या कुर्दी पक्षाविषयी काय म्हटले आहे. आणि स्त्रियांविषयी काय. या शेवटच्या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोमलाने स्त्रियांना सशस्त्र पेशमर्गा म्हणून घेतले आणि इराणी कुर्दी राजकारणात ही मोठी घटना होती. पक्षाची वैचारिक दिशा पुढे कितीही वेळा बदलली तरी हा वारसा एकाही गटाने नाकारला नाही. फूट समजून घेताना काय तुटले याइतकेच काय तुटले नाही हेही लिहावे.

मूळ भाषा येत नसेल तर काय करावे? हिकमत यांचे बरेच लेखन इंग्रजीत आंतरजालावर उपलब्ध आहे आणि त्यावरून १९८१ ते १९९१ चा वाद समजतो, पण तो एका बाजूने. पक्षांची संकेतस्थळे फारसी आणि कुर्दीबरोबर थोडेफार इंग्रजीतही असतात. इंग्रजी पाने बाहेरच्या वाचकासाठी सौम्य केलेली असतात हे गृहीत धरावे. यांत्रिक भाषांतर फारसीचे बरे होते, सोरानीचे अनेकदा फसते, म्हणून संघटनेचे नाव आणि तारीख मूळ मजकुरातून स्वतंत्रपणे पडताळावी. मराठेशाहीची कागदपत्रे वाचण्यासाठी फारसी शिकलेले अभ्यासक पुण्यात आहेत. आधुनिक इराणी राजकारणाची भाषा त्यांच्या अभ्यासातील भाषेपेक्षा वेगळी असली तरी शीर्षक, तारीख आणि स्वाक्षरी वाचण्यास त्यांची मदत होऊ शकते. इंग्रजी ग्रंथांसाठी पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आणि गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय येथून सुरुवात करावी.

एकेक फूट वेगळी तपासावी

१९८४ च्या अखेरीपासून काही वर्षे कोमला आणि इराणी कुर्दिस्तान लोकशाही पक्ष एकमेकांशी शस्त्रांनी लढले. ही पक्षांतर्गत फूट नव्हे, पण ती तक्त्यात नसेल तर पुढचे काही कळणार नाही. कोमला त्या पक्षाला भांडवलदारांचा पक्ष म्हणत होती, आणि तो पक्ष स्वतःला कुर्दी राष्ट्राचा प्रमुख प्रतिनिधी मानत होता. इराणी सैन्याच्या रेट्याने दोघेही सीमेकडे ढकलले जात असताना त्यांनी एकमेकांची माणसे मारली. वर्ग आधी की राष्ट्र आधी, हा ठरावातील प्रश्न डोंगरात अशा रीतीने सोडवला गेला. हा भाग लिहिताना कोणत्याही पक्षाची बाजू घेण्यापेक्षा दोन्हीकडच्या मृतांचा उल्लेख करावा.

१९९१ ची फूट सर्वांत अवघड आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये इराण-इराक युद्ध थांबले आणि सशस्त्र लढ्याची शक्यता आटली. त्यानंतर हिकमत यांनी ‘कामगार-कम्युनिझम’ या नावाने नवी मांडणी सुरू केली, जिच्यात कुर्दी राष्ट्रवादाशी कोणतीही तडजोड नव्हती. मग सोव्हिएत गट कोसळला. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि मार्चमध्ये इराकी कुर्दांनी उठाव केला. इराकच्या भूमीवर तळ असलेल्या इराणी कुर्दी पक्षाने या उठावाकडे कसे पाहावे, यावरून मतभेद टोकाला गेले. त्याच वर्षी हिकमत यांनी पक्ष सोडून इराणचा कामगार-कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. नेतृत्वात मोठे पाठबळ असूनही त्यांनी नाव, तळ आणि साधने मागे ठेवली, आणि फुटीच्या अभ्यासात ही गोष्ट दुर्मीळ आहे. येथे विचाराची तारीख आधीची आहे, पण परिस्थिती नसती तर तो विचार फुटीपर्यंत पोहोचला असता असे म्हणता येत नाही. तक्त्यात दोन्ही बाजूंनी बाण काढावा आणि टिपणात तसेच सांगावे. निकाल लागत नसेल तेथे लावू नये.

२००० मध्ये मोहतदी आणि त्यांचे सहकारी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी १९७९ च्या कोमलाचे पूर्ण नाव, ‘इराणी कुर्दिस्तानातील कष्टकऱ्यांची क्रांतिकारी संघटना’, पुन्हा धारण केले. अलीजादे यांच्या नेतृत्वाखालील कोमला कम्युनिस्ट पक्षाची कुर्दिस्तान शाखा म्हणून राहिली. या ठिकाणी घाई करणारे लेखक ‘कम्युनिझम विरुद्ध सामाजिक लोकशाही’ असे लिहून मोकळे होतात. फुटीच्या दिवशीचा विचार आणि दहा वर्षांनंतरचा विचार यांत मात्र अंतर असते. २००० मध्ये वाद मुख्यतः हा होता की कुर्दी समाजातील समाजवादी पक्षाने अखिल इराणी कम्युनिस्ट पक्षाची शाखा म्हणून काम करावे की स्वतंत्र कुर्दी पक्ष म्हणून. संघराज्याची मागणी आणि लोकशाही समाजवादाची भाषा त्यानंतर घट्ट होत गेली, आणि त्या काळात परिस्थितीचा रकानाही भरत होता : १९९२ पासून इराकी कुर्दांची स्वतःची निवडून आलेली विधानसभा, २००३ मध्ये सद्दाम हुसेन यांचा पाडाव, २००५ च्या इराकी राज्यघटनेत कुर्दिस्तान प्रदेशाला संघराज्यीय मान्यता. शेजारी डोळ्यांसमोर संघराज्य उभे राहत असताना संघराज्याची मागणी करणे ही संधिसाधूपणाची खूण मानता येणार नाही, पण तिला केवळ चिंतनाचे फळ म्हणणेही बरोबर नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये याच मोहतदी गटाने इराणी कुर्दिस्तान लोकशाही पक्षाशी संघराज्याच्या मागणीवर करार केला. पंचवीस वर्षांपूर्वी हेच दोन पक्ष एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

२००७ मध्ये इलखानीजादे आणि त्यांचे सहकारी मोहतदी गटातून वेगळे झाले आणि त्यांनी ‘कुर्दिस्तानातील कष्टकऱ्यांची कोमला’ उभी केली. तिसरा आणि चौथा रकाना येथे जवळजवळ कोरा राहतो, कारण दोन्ही गटांच्या कार्यक्रमांत मोठा फरक नव्हता. वाद पक्षांतर्गत लोकशाहीचा आणि नेतृत्वाच्या कार्यशैलीचा होता. २०२२ च्या अखेरीस, जिना महसा अमिनी या सक्केझच्या तरुणीच्या मृत्यूनंतर इराणभर उसळलेल्या आंदोलनाच्या काळात, हे दोन्ही गट पुन्हा एक झाले. विचारांत खोल दरी असती तर हे एवढ्या सहज घडले नसते. पण २०२३ मध्ये एकी मोडली आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुलेमानियाजवळच्या तळावर दोन बाजूंत गोळीबार होऊन प्राण गेले. त्या महिन्यांवर परिस्थितीचे सावट किती दाट होते तेही लिहावे : सप्टेंबर २०२२ मध्ये इराणने क्षेपणास्त्रे आणि ड्रोन वापरून इराकी कुर्दिस्तानातील इराणी कुर्दी पक्षांच्या तळांवर हल्ले केले, आणि मार्च २०२३ मध्ये इराण व इराक यांच्यात सुरक्षा करार होऊन या पक्षांना शस्त्रे खाली ठेवून सीमेपासून दूर हलवण्यासाठी सप्टेंबर २०२३ ची मुदत ठरली. दशकानुदशके परक्या भूमीवर, दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या छावणीत जगणाऱ्या संघटनेत पद, निवारा आणि उपजीविका एकमेकांत गुंतलेली असतात. तेथील मतभेद शहरातील पक्ष कार्यालयातल्या मतभेदासारखे मिटत नाहीत.

कोमलाचे हे चित्र एकांगी होऊ नये म्हणून शेजारी इराणी कुर्दिस्तान लोकशाही पक्षाची एक छोटी नोंद ठेवावी. तो पक्ष १९८८ मध्ये फुटला, नव्वदच्या दशकात पुन्हा जुळला, २००६ मध्ये पुन्हा फुटला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा एक झाला. तो कधीही माओवादी नव्हता, कोणत्याही अखिल इराणी पक्षाची शाखा बनला नाही, आणि तरीही त्याच्या फुटी-एकीचे वेळापत्रक कोमलाच्या वेळापत्रकाशी बरेचसे जुळते. फुटीचे कारण पूर्णपणे विचारसरणीत शोधणाऱ्याला या जुळणीचे उत्तर द्यावे लागेल.

माणसांशी बोलण्याआधी

पुण्यात अनेक वर्षांपासून इराणी विद्यार्थी शिकायला येत आहेत, आणि त्यांच्यात कुर्दही असू शकतात. प्रत्यक्ष माहितीसाठी त्यांच्याकडे जाण्याचा मोह होईल. तो टाळावा. इराणमध्ये या पक्षांशी संबंध असल्याच्या आरोपाची किंमत प्राणाने मोजावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये कोमलाशी संबंधित चार कुर्दी कैद्यांना इस्रायलसाठी हेरगिरीच्या आरोपावरून फाशी देण्यात आले, आणि पक्षाने तो आरोप फेटाळला होता. शिक्षण संपवून घरी परतणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या टिपणासाठी असा प्रश्न विचारणे, तेही भ्रमणध्वनीवरील संदेशातून किंवा चारचौघांत, त्याच्यावर अन्याय करणारे आहे. कोणी आपणहून बोललेच तर नाव, गाव, महाविद्यालय यांपैकी काहीही लिहू नये आणि ध्वनिमुद्रण करू नये. या अभ्यासाला पुरेल इतके लेखी साहित्य उपलब्ध आहे.

पुण्यातील श्रोत्यांसमोर मांडताना

श्रोत्यांना आपल्याकडील दाखले आठवतील, आणि ते आठवू द्यावेत. शेतकरी कामगार पक्षाने १९५० मध्ये दाभाडी येथे मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, तेव्हा प्रादेशिक शेतकरी पक्षाने जागतिक सिद्धांताशी नाते कसे जोडावे हाच प्रश्न होता. १९६४ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा चीन आणि सोव्हिएत संघाच्या वादाचे पडसाद त्यात होते. मात्र एक फरक स्पष्ट सांगावा. आपल्याकडे पक्ष फुटला की नाव आणि चिन्ह कोणाचे हे निवडणूक आयोग ठरवतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीत असे निर्णय झाले. ते कोणाला पटोत वा न पटोत, वादाला जाण्यासाठी आयोग आणि न्यायालय होते, आणि शेवटी मतदार होते. कोमलाला इराणमध्ये कधीही मोकळेपणी निवडणूक लढवता आलेली नाही. तिच्या कोणत्याही गटाला किती लोकांचा पाठिंबा आहे हे मोजण्याचे साधन नाही, आणि ‘आम्हीच मूळ’ या दाव्याचा निवाडा करणारे कोणी नाही. त्यामुळे इतिहास हाच तेथे पुरावा म्हणून वापरला जातो, आणि प्रत्येक गट आपल्याला हवा तो इतिहास लिहितो.

टिपण वाचून झाल्यावर ‘मग खरी कोमला कोणती?’ हा प्रश्न हमखास येईल. त्याचे उत्तर तक्त्यावरूनच द्यावे. अलीजादे गटाचा दावा संघटनेच्या सलगतेचा आहे : १९८३ पासून त्याने आपली रचना सोडलेली नाही. मोहतदी गटाचा दावा १९७९ च्या नावाचा आणि स्वतंत्र कुर्दी पक्ष या स्वरूपाचा आहे. २००७ मध्ये वेगळ्या झालेल्या गटाचा दावा त्याच वारशावर आहे, पण पक्षांतर्गत लोकशाहीच्या आधारे. तिन्ही दावे वर्षांसह सांगावेत, आणि १९९१ मध्ये बाहेर पडलेल्या हिकमत यांच्या पक्षाने हे नाव मागितलेच नाही हेही सांगावे. वर्तमान स्थिती विचारली गेली तर तक्त्याची शेवटची ओळ दाखवावी. त्या ओळीखाली टिपण पूर्ण केल्याची तारीख लिहिलेली असावी आणि पुढे किमान दोन ओळी रिकाम्या सोडलेल्या असाव्यात.